टँगोचा पाया काळ्यांनी घातला, असं म्हणायला हरकत काय?

धागाकर्ता:
टँगो, म्हणजे अर्जेंटिनाचा तो जोडीनं करायचा नाच, म्हटलं की चापूनचोपून केस बसवलेला गोरा गडी आणि बँडोनिऑन या भात्याच्या पेटीसारख्या वाद्याचे सूर, एवढंच आपल्याला आठवतं. १७७८ च्या शिरगणतीत तिथल्या ब्युनॉस आयर्स शहरातली जवळपास ३० टक्के वस्ती आफ्रिकी वंशाची होती. त्यांच्या नाचगाण्याच्या मेळ्यांना 'टँगो' म्हणत. १८९७ चा गाजलेला टँगो 'एल एंत्रेरियानो' रचणारा रोसेंदो मेन्दिसाबालही काळाच. हे सगळं तळटीपेत का ढकलायचं?

प्रतिसाद १:
असहमत. एक शब्द आणि एक नाव म्हणजे पाया नव्हे. टँगोच्या वाद्यवृंदात काळ्यांचा ढोल कुठे आहे? बँडोनिऑन जर्मनीचा, वाजवणारी बरीचशी मंडळी इटलीहून आलेल्यांची पोरं. १८८७ च्या शिरगणतीत काळे २ टक्क्यांहूनही कमी भरले, आणि टँगो घडला तो त्याच सुमारास.

प्रतिसाद २:
त्या २ टक्क्यांवर फार विसंबू नका. युद्धांत आणि १८७१ च्या पीतज्वरात माणसं गेली हे खरं. पण सरकारी दप्तरात कित्येकांची नोंद 'त्रिगेन्यो' अशी व्हायची, म्हणजे शब्दशः गव्हाळ! लग्नाच्या जाहिरातीतल्या 'गव्हाळ' वर्णाची किमया आपल्याला कुणी वेगळी सांगायला नको. माणसं तिथेच होती, रकाना बदलला.

धागाकर्ता:
अगदी! आणि ढोल गेला तरी ठेका राहिला. आठ मात्रांचे ३-३-२ असे तुकडे पार विसाव्या शतकातल्या पियाझोला या टँगो संगीतकारापर्यंत ऐकू येतात. १८८३ मध्ये व्हेन्तुरा लिंच यांनी लिहून ठेवलंय की शहरातल्या कोंपाद्रितोंनी, म्हणजे वस्तीतल्या छानछोकी दादा पोरांनी, काळ्यांच्या नाचाची टिंगल करता करता मिलोंगा हा नाच काढला. टँगोच्या अगदी शेजारचा नाच हा.

प्रतिसाद १:
गव्हाळचा मुद्दा मान्य, तो माझ्या ध्यानात नव्हता. पण लिंच माझ्याच बाजूने बोलतात. नाच काढला तो टिंगल करणाऱ्यांनी. शिवाय कांदोंबेत, म्हणजे काळ्यांच्या ढोलावरच्या नाचात, जोडीदाराला मिठीत घेऊन नाचत नाहीत. ती मिठी वॉल्ट्झ-पोल्का या युरोपी नाचांतून आली.

धागाकर्ता:
मिठी युरोपची, कबूल. पण त्या मिठीत मध्येच थबकणं, कमरेतून लचकणं कुठून आलं? ते वॉल्ट्झमध्ये नाही, टिंगल झाली ती त्याचीच. मिठीचं श्रेय देता, मग लचकीचं का नाही? आणि ही माणसं नुसती सुरुवातीला येऊन गेली असंही नाही. २०१६ मध्ये शंभरी गाठून गेलेले पियानोवादक ओरासियो सालगान याच वंशाचे. त्यांचा पियानो एकदा ऐका, मग बोलू.