ओढणाऱ्या कुत्र्यासाठी लीश कोणती घ्यावी? (डावा तळहात सोलून निघालाय)

बंड्याची ताई

बंड्या चौदा महिन्यांचा आहे, वजन ३२ किलो. आई लॅब्राडोर. बाप कोण ते त्या माउलीलाच ठाऊक, पण छाती आणि कान बघून शेफर्ड असावा असा आमचा अंदाज. माझं स्वतःचं वजन ५४. म्हणजे फिरवायला कोण कोणाला नेतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

सकाळी मी नेते, संध्याकाळी आई. आई बासष्टची आहे, मागे एकदा तिचा उजवा खांदा चांगला सहा महिने आखडला होता. ती तक्रार करत नाही. फक्त परत आल्यावर दाराबाहेरच्या स्टुलावर बसून राहते, चपलाही काढत नाही. त्यावरून आज त्याने किती ओढलं ते आम्हाला कळतं.

गेल्या आठवड्यापर्यंत आमच्याकडे ती डबीतून आत-बाहेर होणारी लीश होती. पाच मीटरची, बारीक दोरीची. घेताना वाटलं, त्याला मोकळीक आणि आपल्याला आराम. मंगळवारी समोरून मांजर गेलं. मी बटण दाबेपर्यंत अर्धी दोरी बाहेर गेली होती, आणि मी मूर्खासारखी ती डाव्या हाताने धरली. बोटांच्या मुळाशी आधी सरळ पांढरी रेघ उमटली, मग ती लाल झाली, रात्री तिने पाणी धरलं. तेवढ्यात उजव्या हातातली डबी सुटली.

पुढचं जास्त वाईट. ती प्लास्टिकची डबी खडखडत त्याच्या मागे निघाली. बंड्या मांजर विसरला आणि डबीला घाबरून पळायला लागला. तो जेवढा जोरात पळेल तेवढी ती जोरात मागे! दोन गल्ल्या सोडून एका बंद फाटकाशी सापडला, शेपूट पोटात, थरथरत होता. आता ती डबी नुसती हातात घेतली तरी पलंगाखाली जातो.

तर आता नवीन घ्यायची आहे. लांबी किती? नायलॉन, चामडं की सुती? शेजारचे म्हणतात साखळीच घ्या. सध्या गळपट्ट्यालाच अडकवतो. हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) आणला होता, पण त्यात तो दुप्पट ओढायला लागला म्हणून ठेवून दिला.

'आधी त्याला शिकवा' हे उत्तर कृपया नको. शिकवणं चालू आहे. ते पुरं होईपर्यंत रोज दोनदा बाहेर जावंच लागतं ना.

---

जुनी मूठ

ताई, वीसेक वर्षं मोठी कुत्री सांभाळतोय, त्यामुळे जरा लांबेल.

लीशची लांबी ही कुत्र्याची धावपट्टी असते. तो जागेवरून सुटतो आणि लीश ताणली जाईपर्यंत वेग घेत राहतो. पाच फुटांत जेवढा जोर जमतो, त्याहून कितीतरी जास्त सोळा फुटांत जमतो, आणि तो सगळा एका क्षणात तुमच्या खांद्यावर येतो. तुमची पाच मीटरची डबी म्हणजे सोळा फूटच झाले. शिवाय डबीतली स्प्रिंग दोरी कायम थोडी ताणून धरते. म्हणजे पुढे जायला ओढावंच लागतं हा धडा त्याला रोज दोनदा तुम्हीच देत होतात. आणि ओढणारं कुत्रं त्या डबीने मागे घेता येत नाही. दोरी सैल पडली तरच ती आत जाते. बटण दाबून फक्त थांबवता येतं. हे लोकांना मांजर दिसल्यावर कळतं.

रस्त्यावर चालायला पाच ते सहा फूट. चार फुटांत तो सतत टोकालाच असतो, लीश सैल पडणं म्हणजे काय हे त्याला कळतच नाही. आणि सहाच्या वर गेलात तर जास्तीची दोरी त्याच्या पायात, नाहीतर तुमच्या.

रुंदी पाऊण इंच. एक इंची पट्टी दुकानात भक्कम दिसते, पण तुमच्या आईंच्या मुठीत तिची घडी मावणार नाही. अर्ध्या इंचाची बोटांत रुतते. पट्टी तुटेल ही भीती सोडा. धड विणलेली नायलॉनची पट्टी कित्येकशे किलो पेलते. तुटतात त्या दोन जागा, हुक आणि शिवण. सगळे रंग बघतात, हुक कोणी बघत नाही.

हुक असा बघा. आधी तो गोल फिरवा. दोरीच्या बाजूचं कडं मोकळं, न अडकता फिरलं पाहिजे, नाहीतर पट्टीला पीळ पडत जातो. मग खटका दाबून सोडा. तो 'टक' असा पूर्ण मिटला पाहिजे. मिटल्यावर नखाने चाचपडा, फट लागली की ठेवून द्या. हुकच्या वाकाला ओतीव धातूचा खरखरीत सांधा लागला तरी ठेवून द्या. शिवण दुमडलेल्या भागावर चौकोन आणि आत फुली अशी हवी, दोन सरळ टाके नकोत.

माझी एक कुत्री चांगल्या हुकातूनसुद्धा सुटली होती. पाण्यातून आली, अंग झटकलं, हुक गळपट्ट्याच्या कडीवर आडवा आला आणि कडीनेच खटका दाबला. मी हातात मोकळी लीश घेऊन उभा, ती समोर शेपूट हलवत. नशीब ती माझ्याकडेच आली. तेव्हापासून मी फिरवून बंद करायचा, आटे असलेला हुक वापरतो. जरा जड आहे, हिवाळ्यात बोटं गारठली की वैताग येतो, पण वापरतो.

आता कशाची घ्यायची ते. कोरडं नायलॉन हातातून सरकलं की भाजतं, तुम्हाला सांगायला नको. सुती पट्टी हाताला मऊ, पण भिजली की जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. माझं मत चामड्याला. पहिला महिना ते खुंटासारखं ताठ असतं, तेल पाजावं लागतं, मग असं नरम पडतं की हिसका बसला तरी मुठीतून घसरत नाही. बंड्या कुरतडणारा असेल तर मात्र चामडं नको, त्याला ते खाऊच वाटेल. मग आतून शिवलेली मऊ मूठ असलेलं नायलॉन घ्या. हुकजवळ दुसरी छोटी मूठ असेल तर उत्तम, माणसं-गाड्या जवळून जाताना तिथे धरता येतं.

आणि धरायची कशी ते आईंना नक्की दाखवा. लीशच्या मुठीचा फास मनगटात घालून धरतात, ते चूक. पडलात की फरफटत जाता, सोडताही येत नाही. अंगठा फासात घाला, पट्टी तळहातावरून येऊ द्या, मूठ मिटा. उरलेली पट्टी घडी करून त्याच मुठीत धरा, बोटाभोवती गुंडाळायची नाही. दुसरा हात खाली, सैल. आणि मूठ बेंबीपाशी ठेवा. हात लांब गेला की हिसका खांद्याला बसतो, पोटाशी असला की तो अख्ख्या शरीरावर वाटला जातो.

---

नाक्यावरचा

एवढा विचार कशाला? आमच्याकडे कायम साखळी. कुरतडता येत नाही, तुटत नाही. गळ्यात आवळणारा पट्टा घाला, दोन झटके द्या, चार दिवसांत सरळ होतो. कुत्र्याला मालक कोण ते कळलं पाहिजे.

---

टेबलाच्या या बाजूने

मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. झटक्यांनी सरळ झालेली कुत्री खोकत येतात तेव्हा टेबलावर धरायला मीच असते, म्हणून लिहिते.

गळपट्ट्यावर येणारा जोर श्वासनलिकेवर येतो, हे ओढताना त्याचा घरघरणारा आवाज ऐकून कळतंच. डोळ्यांचं मात्र फारसं कोणाला माहीत नसतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब मोजला होता. गळपट्टा ओढला की दाब लक्षणीय वाढत होता, हार्नेस ओढल्यावर तसा वाढत नव्हता. ज्या कुत्र्याला आधीच डोळ्यांचा त्रास आहे त्याला हे परवडत नाही. आवळणाऱ्या पट्ट्याचं तर नावच काढू नका. आणि साखळीबद्दल, धावत्या कुत्र्याची साखळी उघड्या हाताने धरून बघा एकदा. ताईंचा दोरीने सोललेला हात त्यापुढे काहीच नाही.

ताई, तुमच्या हार्नेसची कडी पाठीवर असणार. पाठीवरून धरलं की छातीचा सगळा जोर लावून आरामात ओढता येतं. गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना तसंच जुंपतात. छातीवरही कडी असलेला हार्नेस बघा. तिथे लीश लावली की ओढणाऱ्याचं अंग तुमच्याकडे वळतं आणि ओढण्यातली मजा जाते. पुढून बघितलं तर इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसला पाहिजे. खांद्यावरून आडवा पट्टा जाणारा नको, पाऊल पूर्ण टाकता येत नाही. सगळीकडे दोन बोटं आत गेली पाहिजेत, जास्त नाही.

लीश दोन्ही टोकांना हुक असलेली घ्या. एक हुक पाठीवर, एक छातीवर. नेहमी पाठीवरची बाजू हातात, तो सुटायला लागला की छातीवरची. घोड्याच्या लगामासारखं दोन हातांत धरायचं. आईंच्या खांद्याला यानेच सर्वांत जास्त आराम पडेल. दोन दिवस लीशच्या घड्यांत गोंधळ होईल, मग हात आपोआप शिकतो.

तोंडावर चढवायचा पट्टा (हेड कॉलर) कोणी सुचवला तर घाई करू नका. काहींना चालतो, पण आठवडाभर नुसता घालून खाऊ देत सवय लावावी लागते. आणि लांब दोरी त्याला कधीच लावायची नाही. धावत सुटला तर मान गर्रकन फिरते.

---

धावता_धोटा

मी कुत्र्याबरोबर पळतो. कंबरपट्टा आणि मध्ये रबरी ताण असलेली लीश. हिसका मऊ होतो, हात मोकळे. पण ताईंना नाही सुचवणार. पळताना कुत्रं पुढे ओढत असतं आणि आपणही त्याच दिशेने जात असतो, म्हणून जमतं. उभे असताना ३२ किलोचं कुत्रं आडवं सुटलं तर कंबरेतून फिरवून पाडतं. मी बुटाची नाडी बांधत होतो तेव्हा पडलोय. रबरी लीशचा दुसरा तोटा म्हणजे ती सदा थोडी ताणलेली, त्यामुळे सैल आणि ताणलेली यातला फरक कुत्र्याला कळत नाही. शिकवणं चालू असताना साधी पट्टीच बरी.

उत्साह जिरवायचा असेल तर मोकळ्या मैदानात दहा मीटरची लांब दोरी. पण पाठीवरच्या कडीलाच लावा, आणि हातमोजे घालून. रस्त्यावरच्या लीशकडून व्यायाम करवून घ्यायला गेलात की पुन्हा डबीच येणार घरात.

---

बंड्याची ताई

सगळ्यांचे आभार. नाक्यावरचे दादा, तुमचेही, पण साखळी नाही घेतली.

तीन आठवडे झाले. दोन्ही टोकांना हुक असलेली पाऊण इंची लीश आणि छातीवर कडी असलेला हार्नेस घेतला. दुकानात पहिल्या दोन लीशच्या हुकला फट होती, नख खरंच आत गेलं! दुकानदार म्हणाला, एवढं कोणी बघत नाही. तिसरी घेतली.

पहिले चार दिवस मी आणि लीश यांचंच भांडण चाललं होतं. कुठला हात वर, कुठला खाली. बंड्या बसून बघायचा. पाचव्या दिवशी मांजर आलं, तेच बहुतेक. तो सुटला, मी छातीची बाजू धरली, आणि तो अर्धवर्तुळ मारून माझ्याच समोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. स्वतःचंच अंग असं कसं वळलं याचा त्याला पत्ता नव्हता.

ओढतो अजून. फाटकातून बाहेर पडताना पहिली पाच मिनिटं तर हमखास. पण आई आता मूठ पोटाशी धरून चालते. काल आल्यावर स्टुलावर बसली तेव्हा मी घाबरून विचारलं, खांदा दुखतोय का? म्हणाली, नाही गं, याचे पाय पुसायला बसलेय.

एक नवीन कटकट. परत फिरायची वेळ झाली की तो लीश तोंडात धरतो आणि चावायला लागतो. हुकापासून वीतभर अंतरावर धागे सुटायला लागलेत. काय करू?

---

जुनी मूठ

घरी जायचं नाही म्हणतोय तो. परतीच्या वाटेवर त्याचं आवडतं खेळणं त्याच्या तोंडात द्या, तोंड रिकामं राहिलं नाही की लीश सुटते. तेवढ्याने भागलं नाही तर हुकाशी वीतभर साखळीचा तुकडा जोडून मिळतो, कंटाळा येईपर्यंत लावा, मग काढून टाका. तुमचा हात पट्टीवरच राहतो, त्यामुळे सोलायची भीती नाही.

पण धागे सुटलेली लीश आता वापरू नका. चावलेल्या जागी पट्टी मध्ये दुमडून बघा, आतले पेड पांढरे दिसले तर ती गेलीच समजा. आणि पुढच्या वेळी एकीच्या जागी दोन घ्या. एक वाळत असते, एक हातात असते.