मदत हवी आहे: ज्यातलं बोलणं नीट कळेल असे पिक्चर सुचवा (वडिलांसाठी)

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. बाबांचं सगळं आयुष्य उद्यमनगरात मशीनवर गेलं, त्यात कान गेले. डॉक्टर म्हणाले असल्या गोंगाटानं आधी उंच पट्टीचे आवाज जातात, स, श, फ असली अक्षरं, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. कानाचं मशीन आहे, पण गर्दीत घातलं की सगळं एकदम अंगावर येतं म्हणतात. आणि माणूस पिक्चरचा लई नादिक, उमा टॉकीजला काय लागलंय आन् पार्वती टॉकीजला काय लागलंय ते एकेकाळी पेपर न बघता सांगायचे.

हल्ली बघितलेल्यांचं सांगतो म्हणजे अंदाज येईल.

'छावा' थेटरात बघितला. विकी कौशलनं जीव ओतलाय, वादच नाही, पण मागचं म्युझिक एवढं जोरात की माझ्याच कानात दडे बसले. बाबांनी दहा मिनिटांत मशीन काढून खिशात टाकलं आणि तसाच अख्खा बघितला. आवडला पण! गोष्ट लहानपणापासून पाठ, संवाद कशाला पाहिजेत.

'दशावतार'ला मात्र पंचाईत झाली. मालवणी बोलणं, त्यात हे दर पाच मिनिटांनी "काय म्हणाला रे?" आणि तेही मोठ्यानं, पुढच्या रांगेतल्या बाई वळून वळून बघत होत्या. माझं मत विचाराल तर इंटरवलनंतर ताणलाय, पण ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर जे करतात त्याला तोड नाही. त्यातल्या म्हाताऱ्याची नजर चाललेली असते, तर बाबा म्हणे "त्याचे डोळे, माझे कान, दोघं मिळून एक माणूस हुतोय."

'लापता लेडीज' घरी लावला. रवी किशन तोंडात पान ठेवून बोलतोय, ते मलाही धड कळेना, पण तो नुसता बघतो तरी हसू येतं त्यामुळं निभावलं.

खरी मजा आली ती 'वाळवी'ला. मोजकी माणसं, समोरासमोर बसून बोलतायत, एकाचं संपल्यावर दुसरा. बाबांना जवळजवळ सगळं कळलं, वर मला म्हणाले तू मधे बोलू नको. परेश मोकाशींचा पिक्चर आहे, शेवट सांगत नाही, ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघा.

आणि 'स्थळ'. वऱ्हाडी बोली असून चालला, कारण पोरगी बघायला कोणीही आलं की प्रश्न तेच, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, एकदा हुकलं तर पुढच्या वेळी कळतं. माझ्या मते गेल्या वर्षा-दोन वर्षांतला सगळ्यात भारी मराठी पिक्चर, आणि तो बघायला गर्दी नाही याचा राग येतो. आई म्हणाली आमच्या वेळी चालूनसुद्धा दाखवायला लागायचं.

तर असले अजून सांगा की. हाणामारी असली तरी चालंल, फक्त माणसं बोलताना मागं ढोल नकोत. 'सामना', 'सिंहासन', 'पिंजरा' सुचवू नका, पाठ आहेत त्यांना. आणि मराठीच सबटायटल असलेलं कुठं मिळतं का? मला सापडतायत तिथं इंग्रजीच, ते बाबांना वाचता येत नाही.

प्रतिसाद १: 'पुष्पक' दाखवा, १९८७ चा, कमल हासन. एकही संवाद नाही, भांडणच मिटलं. आणि टीव्हीच्या सेटिंगमधे ऑडिओ ५.१ वर असेल तर स्टिरिओ करून बघा. ५.१ मधे बोलणं मधल्या स्पीकरसाठी वेगळं असतं, टीव्हीला तो नसतो, मग बोलणं दबतं आणि म्युझिक बोकांडी बसतं.

प्रतिसाद २: 'आत्मपॅम्फ्लेट' बघितला का? त्यात निवेदन भरपूर आहे, गोष्टीचा धागा सुटत नाही. बाबांचं मशीन ब्लूटूथवालं असेल तर टीव्हीला जोडायचा छोटा डबा मिळतो, आवाज थेट कानात. मशीन घेतलं तिथंच विचारा. आमच्या सासऱ्यांना केलंय.

धागाकर्ता: स्टिरिओ केलं ओ, फरक पडला! 'पुष्पक'चं सांगितलं तर बाबा म्हणाले, "बोलत नाहीत मग मी भैरा हाय का नाही ते कसं कळणार?" रविवारी लावतोय. डब्याची किंमत साधारण किती पडते?