वैद्यकीय संशोधकांसाठी वितरित संगणन प्रणाली : यंत्रे किती दाखवावीत, किती झाकावीत?

संगणक_कक्ष (प्रश्न)

नमस्कार. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधन कक्षात सॉफ्टवेअरचे काम पाहतो. आमचा मज्जाविकार विभाग आणखी दोन रुग्णालयांच्या सहकार्याने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या एमआरआय चित्रांचा अभ्यास करीत आहे. प्रत्येक रुग्णाच्या चित्रांवर ‘फ्रीसर्फर’ हे मेंदू मोजणारे सॉफ्टवेअर चालवून हिप्पोकॅम्पसचे (स्मृतीशी निगडित भागाचे) आकारमान, मेंदूच्या बाह्यकाची जाडी वगैरे मोजमापे काढायची आणि तिन्ही ठिकाणची मोजमापे एकत्र तपासायची, असे कामाचे स्वरूप आहे. एका मेंदूला कित्येक तास लागतात, त्यामुळे एका यंत्रावर हे निभणारे नाही. आमच्याकडे एक लहान क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा संच) आहे, दुसऱ्या रुग्णालयात दोन बरे सर्व्हर आहेत आणि राष्ट्रीय पातळीवरच्या एका महासंगणकावर थोडा वेळ मंजूर झाला आहे. या सगळ्यांवर मिळून एकच वेब पोर्टल उभे करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

यंत्रे जोडता येतील, त्याची मला फारशी चिंता नाही. पोर्टल वापरणार आहेत ते निवासी डॉक्टर आणि दोन प्राध्यापक, आणि त्यांपैकी कोणीही टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडलेले नाही. आमच्या गटात यावरून दोन तट पडले आहेत. काहींच्या मते चित्रे चढवावीत, बटण दाबावे, आकडे घ्यावेत आणि मधले काहीही डॉक्टरांना दिसू नये. इतरांचे म्हणणे असे की संशोधन करायचे तर स्लर्मच्या, म्हणजे क्लस्टरवर कामांची रांग लावणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, चार आज्ञा शिकल्याच पाहिजेत, कारण यंत्र झाकले की दोषही झाकले जातात. मला दोन्हींत तथ्य वाटते आणि नेमके तिथेच घोडे अडले आहे. अशा प्रणाली चालवणाऱ्यांनी किंवा वापरणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे.

क्लस्टरवाला

पुण्यात एका सामायिक क्लस्टरची देखभाल करतो, त्या अनुभवावरून लिहितो. कोणत्या नोडवर (क्लस्टरमधल्या कोणत्या यंत्रावर) काम जाईल, किती कोअर लागतील, कोणत्या रांगेत टाकायचे, हे डॉक्टरांना विचारण्यात काही अर्थ नाही. त्यांना ते माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नाही. विचारले तर माणूस घाबरून सगळ्या रकान्यांत कमाल आकडा भरतो. फ्रीसर्फरला दहा तास पुरत असताना तीन दिवसांची मुदत मागितली की काम रांगेत मागे पडते, कारण स्लर्म मोठ्या कामांसाठी जागा राखून ठेवताना मधल्या फटींत फक्त कमी मुदतीची कामे बसवतो. भरलेल्या ट्रंकेत रुमाल सरकतो, सतरंजी सरकत नाही. म्हणून मुदत आणि मेमरी यांचा अंदाज प्रणालीने आधीच्या कामांच्या नोंदींवरून स्वतः बांधावा.

माझ्या मते आराखड्याची सुरुवात ‘चित्रे चढवा’ या पानापासून न करता काम अयशस्वी झाल्यावर दिसणाऱ्या पानापासून करावी. तीनशे मेंदूंची तीनशे स्वतंत्र कामे होतात आणि त्यांतली काही पडणारच. पडलेल्या प्रत्येक कामाबाबत प्रणालीने आधी एक गोष्ट ठरवावी, ती म्हणजे हा दोष दुरुस्त कोण करू शकतो. ‘एक्झिट कोड १३७’ याचा अर्थ काम बाहेरून बळाने बंद पाडले गेले, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण मेमरी संपणे हे असते. डॉक्टरांनी त्याचे काय करायचे? तिथे पडद्यावर एवढेच यावे : ‘स्मृ-०४७ : मेमरी अपुरी पडली. जास्त मेमरी देऊन काम पुन्हा सुरू केले आहे. आपल्याला काही करावे लागणार नाही.’ याउलट रुग्णाने डोके हलवल्यामुळे चित्र पुसट आले असेल, तर प्रणालीने तेच काम पाच वेळा चालवून वेळ घालवू नये. ते प्रकरण सरळ डॉक्टरांपुढे ठेवावे, कारण तो निर्णय त्यांचाच आहे. ही वाटणी नीट जमली की यंत्र किती दाखवायचे हा वाद निम्मा मिटतो.

मात्र एक गोष्ट कधीही झाकू नका, आणि ती म्हणजे सॉफ्टवेअरची आवृत्ती. फ्रीसर्फरच्या निरनिराळ्या आवृत्त्यांची तुलना करणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याच मेंदूंच्या भागांच्या आकारमानात आवृत्तीगणिक सरासरी सुमारे ९ टक्के फरक आढळला. शिवाय यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावरही, कमी प्रमाणात का होईना, फरक पडत होता. तुमच्याकडे तीन जागी तीन तऱ्हेची यंत्रे आहेत. एका रुग्णालयाचे रुग्ण एका आवृत्तीवर आणि दुसऱ्याचे दुसऱ्या आवृत्तीवर मोजले गेले, तर रुग्णालयांमधला फरक रोगाचा की सॉफ्टवेअरचा हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही. तिन्हीकडे तोच कंटेनर, म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेले गाठोडे, चालवा. सामायिक क्लस्टरवर डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) सहसा चालू देत नाहीत, कारण तो वापरू देणे म्हणजे जवळजवळ रूट अधिकार, म्हणजे यंत्राचा पूर्ण ताबा, देण्यासारखे होते. तिथे अॅपटेनर, म्हणजे पूर्वीचे सिंग्युलॅरिटी, वापरतात. निकालाच्या तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे आवृत्ती आणि कंटेनरची ओळख छापलेली असावी.

न्यूरोवैद्य

मी मज्जाविकारतज्ज्ञ आहे आणि अशाच एका पोर्टलचा वापर केलेला आहे (कोणाचे ते सांगत नाही). क्लस्टरवाल्यांचे म्हणणे पटते, पण वापरणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

पहिली तक्रार हिरव्या खुणेची आहे. आमच्या पोर्टलवर काम संपले की नावापुढे हिरवी बरोबरची खूण यायची. काही प्रकरणांत सॉफ्टवेअरने कवटीखालचे आवरणच बाह्यक म्हणून धरले होते आणि एका रुग्णाच्या तर टेम्पोरल लोबचा खालचा भाग मोजमापातून गळाला होता, तरीही खूण हिरवीच होती. प्रोग्रॅम न अडखळता शेवटपर्यंत पोहोचला, एवढाच त्या खुणेचा अर्थ होता. निवासी डॉक्टरांनी मात्र ‘मोजमाप बरोबर आहे’ असा अर्थ घेतला आणि त्यांना दोष देता येत नाही. त्यामुळे ‘गणन पूर्ण’ आणि ‘तपासून मान्य’ या दोन अवस्था वेगळ्या ठेवा आणि दुसरी अवस्था माणसाने चित्र पाहिल्याखेरीज मिळू देऊ नका. त्यासाठी प्रत्येक मेंदूचे, सीमारेषा आखलेले आठ-दहा छेद एका पानावर दिसले पाहिजेत आणि मान्य, अमान्य व शंका अशी तीन बटणे हाताशी हवीत. मला हे पान जलद उघडून हवे आहे. रांगेची स्थिती दाखवणारे रंगीत आलेख आमच्यापैकी कोणी दुसऱ्यांदा पाहिले असतील असे वाटत नाही.

दुसरे असे की यादी रुग्णाच्या अभ्यास-क्रमांकानुसार हवी. जॉब क्रमांक ४१८८२३ म्हणजे कोण, हे शोधण्यासाठी आमची निवासी डॉक्टर वहीत तक्ता ठेवत असे. आणि वेळेचेही लक्षात घ्या. ओपीडी, वॉर्ड आणि इमर्जन्सी सांभाळून ही मुले रात्री अकराला पोर्टल उघडतात आणि तेही बहुधा मोबाइलवर. तीन मिनिटांत काय झाले ते कळले नाही तर पुढचे चार दिवस कोणी फिरकत नाही, आणि मग प्रबंध विद्यापीठाकडे पाठवायची तारीख जवळ आली की सगळे एकदम कामे टाकतात. ती गर्दी दरवर्षी त्याच सुमारास होते, तेव्हा तिचा हिशेब आधीच करून ठेवणे अवघड नसावे.

संगणक_कक्ष

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘दुरुस्त कोण करू शकतो’ ही वर्गवारी आम्ही लगेच आराखड्यात घेत आहोत. आता खरा पेच सांगतो. तिसऱ्या रुग्णालयाच्या नीती समितीने चित्रे आवाराबाहेर नेण्यास परवानगी दिलेली नाही. नाव काढून टाकून पाठवण्याचा पर्यायही त्यांनी नाकारला. गणन तिथेच करावे लागेल. पण तिथे काम अडले तर मला चित्रही पाहता येणार नाही आणि लॉगही (प्रोग्रॅमने काय केले त्याची नोंद) पूर्ण मिळणार नाही. अशा वेळी पोर्टल ‘एक’ कसे राहील?

लीड्सकर

मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडमध्ये आरोग्यविषयक माहितीच्या विश्लेषणाचे काम करतो. समितीला आधी दुराग्रही ठरवू नये. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे पुन्हा घडवले आणि चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांतले ७० त्यांच्या छायाचित्रांशी बरोबर जुळवले. डायकॉम फाइलमधले (वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित फाइलमधले) नाव पुसले म्हणजे रुग्ण अनोळखी झाला, असे डोक्याच्या चित्रांबाबत म्हणता येत नाही. चेहरा पुसणारी साधने आहेत, पण ती वापरल्यावर मोजमापात काही फरक पडतो का, हे स्वतःच्या काही चित्रांवर पडताळून घ्यावे लागते.

तुमच्या पेचाला इथल्या ‘ओपनसेफली’ या रुग्ण-नोंदींच्या विश्लेषण प्रणालीची रचना बरीच जवळची आहे. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, ऑक्सफर्डच्या गटाच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि पहिल्याच मोठ्या अभ्यासात १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. तरीही संशोधकांना एकाही रुग्णाची नोंद उघडून पाहता येत नाही. संशोधक आपला प्रोग्रॅम कृत्रिम, बनावट माहितीवर लिहितो आणि तिथे तो नीट चालला की तो खऱ्या माहितीपाशी पाठवला जातो. नोंदी जागच्या हलत नाहीत. बाहेर येतात ते केवळ एकत्रित तक्ते, आणि तेही माणसांनी तपासल्यावर, लहान संख्या झाकून. कोणता प्रोग्रॅम केव्हा चालवला याची यादी सर्वांना खुली असते.

यातली बनावट माहितीची सोय सर्वांत उपयोगी ठरते असे माझे मत आहे, कारण आपल्या प्रोग्रॅममधला दोष संशोधकाला आपल्याच टेबलावर सापडतो. एमआरआयसाठी बनावट चित्रे करण्याची गरज नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘ओएसिस’ संग्रहात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचीही चित्रे आहेत आणि ती संशोधकांना उपलब्ध होतात. तिसऱ्या रुग्णालयात जो कंटेनर जाणार आहे, तोच आधी ‘ओएसिस’वर चालवा. तिथे चालला आणि रुग्णालयात अडला, तर दोष बहुधा त्यांच्या चित्रांच्या मांडणीत किंवा स्कॅनरच्या सेटिंगमध्ये असेल, आणि शोधाचे क्षेत्र पुष्कळ आटोपशीर होईल. लॉगमधल्या फाइलच्या नावात रुग्णाचे नाव असू शकते, तेव्हा बाहेर पाठवायच्या संदेशांचा एक ठरावीक संच समितीकडून आधीच मंजूर करून घ्या. अडचण आली की त्या संचातला संदेश आपोआप येईल.

न्यूरोवैद्य म्हणतात ते तपासणीचे पान मात्र त्या रुग्णालयाच्या आतच चालले पाहिजे, कारण त्यात चित्रे दिसतात. मुख्य पोर्टलवर फक्त अभ्यास-क्रमांक, अवस्था आणि मोजमापे येऊ द्या. डॉक्टरांना दोन्ही पाने सारखीच दिसली म्हणजे पोर्टल त्यांच्या लेखी एकच राहील.

क्लस्टरवाला

लीड्सकरांशी सहमत आहे. फक्त अभ्यास-क्रमांक आणि रुग्णाचे नाव यांची जोडणी असलेली यादी त्याच रुग्णालयात राहील, एवढे पाहा.

कोड लिहायला बसण्यापूर्वी मॅकगिल विद्यापीठाचे ‘सीब्रेन’ आणि ल्यॉनचे ‘व्हर्च्युअल इमेजिंग प्लॅटफॉर्म’ ही दोन्ही नीट पाहून घ्या. मेंदूची चित्रे दूरच्या निरनिराळ्या यंत्रांवर पाठवून ब्राउझरमधून काम करवून घेण्याचाच तो प्रकार आहे. ग्रिडच्या, म्हणजे अनेक संस्थांचे संगणक जोडलेल्या जाळ्याच्या, सुरुवातीच्या काळात प्रत्येक संशोधकाला स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र काढावे लागे, त्यावरून काही तासांपुरता परवाना घ्यावा लागे आणि तो मध्येच संपला की काम अडकत असे. ल्यॉनच्या गटाने ती जबाबदारी पोर्टलवर घेतली आणि वापरणाऱ्याकडे नेहमीचा पासवर्ड ठेवला.

उलट दिशेचे उदाहरण अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या ‘कॅबिग’चे. कर्करोग संशोधनाची माहिती आणि साधने एकमेकांना जोडण्यासाठी २००४ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमावर कोट्यवधी डॉलर खर्च झाले. २०११ मध्ये संस्थेच्याच सल्लागार गटाने त्याचा आढावा घेतला आणि संशोधकांच्या गरजेपेक्षा तंत्रज्ञानाला पुढे ठेवल्याबद्दल, तसेच रचना नको तितकी गुंतागुंतीची केल्याबद्दल कडक टीका केली. पुढच्या वर्षी तो आवरता घेण्यात आला. सगळ्यांचे सगळे जोडण्याचा मोह तुमच्या गटातही होईल. महासंगणकावरचा मंजूर वेळ तूर्त बाजूला ठेवा. दहा मेंदू, दोन निवासी डॉक्टर आणि तुमचा लहान क्लस्टर एवढ्यावर पहिली फेरी करा, आणि ते दोघे डॉक्टर पोर्टल वापरत असताना काहीही न सुचवता शेजारी बसून राहा. कुठे थांबतात आणि वहीत काय लिहून ठेवतात, ते टिपून इथे कळवा. पुढचे त्यावरून बोलू.