पुणे–बंगळुरू गाडीने: दोन टर्बाइन जेट, एक पायपर कब आणि चौघे. काय, कसं न्यायचं?

उलटा_पंखा:
मंडळी, पुढच्या महिन्यात शनिवार-रविवार बंगळुरूबाहेरच्या एका मॉडेल-विमान क्लबने आमची रिमोटवर उडणारी विमानं त्यांच्या धावपट्टीवर उडवायला बोलावलंय. साधारण ८४० किमी, एक इनोव्हा. सामान असं: १०० न्यूटन टर्बाइनची दोन स्पोर्ट जेट (पंख १.९ मीटर, धड २ मीटर) आणि चौथाई मापाचं पायपर कब, ३० सीसी पेट्रोल इंजिन. तिघे गाडीने, चौथा मुंबईहून विमानाने थेट.
विचारायचं ते: दोन मीटरची धडं गाडीत कशी बसवायची? इंधन इथून न्यायचं की तिथे घ्यायचं? विमानाने येणाऱ्याने काय आणावं? आणि खर्चाची नि कामाची वाटणी कशी असावी, म्हणजे परत येताना साताऱ्यापर्यंत तरी सगळे एकमेकांशी बोलत असतील?

गवसणीवाला:
आधी जागेचं बघा. गाडीच्या आतल्या मापाचा चौकोन खडूने फरशीवर काढा आणि सगळं त्यात रचून बघा. निघायच्या दिवशी पहाटे हा खेळ खेळू नका. तिसरी रांग दुमडून आणि मधल्या रांगेतली डावी सीट काढून २ मीटरचं धड तिरकं बसतं. दोन धडांसाठी १२ मिमी प्लायची दुमजली मांडणी करा. टेकू पंखाच्या नळीखाली एक आणि शेपटाच्या चौकटीपाशी एक. पट्टा कॅनॉपीवरून कधीच नाही, पंखाच्या नळीच्या जागेवरूनच.

चाकं आत घेऊनच ठेवा. चाकांवर उभं केलेलं जेट खंबाटकीत प्रत्येक वळणाला स्ट्रटवर (चाकाच्या दांड्यावर) डोलतं, आणि पिनची भोकं सैल होतात. ते घरी कळत नाही, तिथे उतरवताना कळतं. आडवी शेपूट निघत असेल तर काढाच. पंखांना जाड गवसण्या शिवून घ्या, प्रत्येक पंख वेगळ्या कप्प्यात. कबचे दोन अर्धे पंख सव्वा मीटरच्या जरा वर, ते काचेच्या बाजूला उभे राहतात. टपावर काही बांधू नका.

टाकी रिकामी करा, व्हेंटला बूच लावा. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीवर कापडी टोपी घाला. धूळ तर आहेच, शिवाय वाऱ्याच्या झोताने रोटर फिरत राहिला तर बेअरिंग वंगणाशिवाय फिरतं.

पाच_टक्के:
इंधन इथून नेऊ नका, फक्त ऑइल न्या. हिशेब: दोन जेट, दिवसाला चार-चार उड्डाणं, दोन दिवस, म्हणजे १६ उड्डाणं. टाकी अडीच लिटरची धरली तर ४० लिटर. वंगणासाठी इंधनात पाच टक्के ऑइल मिसळायचं, म्हणजे २ लिटर. टर्बाइन ऑइलचा डबा अमेरिकन क्वार्टचा, म्हणजे ९४६ मिली असतो. २० लिटरला एक डबा टाकला की ४.७ टक्के होतात. एवढ्याने बिघडत नाही, फक्त तुमच्या टर्बाइनच्या माहितीपत्रकात किमान किती लिहिलंय ते बघा.

नेलमंगलाच्या (बंगळुरूच्या आधीचं गाव) अलीकडे कुठल्याही पंपावर डिझेल मिळतं. आजची बहुतेक टर्बाइन डिझेलवर चालतात, पण तुमच्या मॉडेलला चालतं हे माहितीपत्रकात बघूनच. सुरू व्हायला जरा वेळ लागतो, वास येतो आणि शेपटीवर काजळीचा हलका थर बसतो. तो त्याच संध्याकाळी पुसा, दुसऱ्या दिवशी चिकट होतो.

कॅन ९० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका, उन्हात इंधन फुगतं. ओतताना नमद्याची गाळणी लावा आणि पंपाच्या नळीत वेगळा फिल्टर ठेवा. ऑइल हाताळताना हातमोजे घाला. या ऑइलमधल्या काही रसायनांचा त्वचेशी संबंध नकोच.

रात्रपाळी:
डिझेलपेक्षा केरोसीन स्वच्छ जळतं. रेशनचं मिळालं तर स्वस्त पडेल की.

पाच_टक्के:
रेशनचं केरोसीन निळं रंगवलेलं असतं, आणि ते स्वयंपाक नि दिव्यासाठीच असतं. छंदासाठी वापरणं नियमाबाहेर आहे, तो निळा रंग नळीतून दिसतोही. पांढरं केरोसीन सुटं मिळणं दुर्मीळ. डिझेलच घ्या.

उलटा_पंखा:
छान. मग दोन शंका. कबचं पेट्रोल? आणि एक जण म्हणतोय, जेट रेल्वेच्या पार्सलने पाठवू आणि आपण आरामात जाऊ.

पाच_टक्के:
पार्सलने रिकामं धड पाठवता येईल, पण उचलठेव बघितलीत तर पाठवणार नाही. इंधन किंवा इंधनाचा वास असलेली टाकी रेल्वेत नकोच. ज्वालाग्राही वस्तू नेल्यास रेल्वे कायदा १९८९, कलम १६४ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कबला दोन दिवसांना ५ लिटर पुरे. ४०:१ धरलं तर १२५ मिली टू-स्ट्रोक ऑइल. पेट्रोलची वाफ डिझेलपेक्षा फार लवकर पेट घेते, म्हणून तेही तिथेच घ्या. कॅन धातूचा, लाल. जेटचा कॅन वेगळ्या रंगाचा. अंधारात किंवा घाईत कॅन बदलला आणि टर्बाइनला पेट्रोल गेलं तर काय होईल ते सांगायला नको.

वॅट_तास:
विमानाने येणाऱ्याने ट्रान्समीटर आणि बॅटऱ्या आणाव्यात, दुसरं काही नको. वापरलेलं टर्बाइन सामानात घालू नये, वास आला की तपासणीत अडकतं.

नियम सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. १०० पर्यंत केबिनमध्ये चालते. १०० ते १६० असेल तर एअरलाइनची परवानगी, जास्तीत जास्त दोन सुट्या. चेक-इन बॅगेत सुटी लिथियम बॅटरी अजिबात नाही. तुमच्या रिसीव्हरची ७.४ व्होल्ट ५००० मिलीअँपिअर-तास (५ अँपिअर-तास) म्हणजे ३७, ईसीयूची (टर्बाइन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीची) ९.९ व्होल्ट ३००० म्हणजे ३० च्या आत. सगळ्या बसतात. २२.२ व्होल्ट ५००० असती तर १११ झाली असती. टोकांना टेप लावा. आकडे बॅटरीवर ठळक छापलेले असावेत, खोडलेल्या लेबलवर वाद होतो.

गाडीत नेलेल्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीच्या प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा, पूर्ण भरून नाही. थांबा घेताना उन्हात उभ्या गाडीत सोडून जाऊ नका. हॉटेलवर चार्ज करताना एक जण खोलीत जागा हवा. झोपताना चार्जर बंद.

डावा_इशारा:
वाटणीबद्दल बोलतो, कारण भांडणं तिथूनच सुरू होतात. निघण्याआधी एका कागदावर लिहा:

इंधन आणि टोल चौघांत समान, कारण जेट दोघांचं असलं तरी मजा चौघांची. विमानाचं तिकीट ज्याचं त्याचं. सुटे भाग मात्र ज्याचं विमान त्याचे. दुसऱ्याचं विमान उडवायचं तर आधी ठरवा: कोसळलं तर भरपाई कोण देणार, किती? हे मैदानावर, हातात ट्रान्समीटर असताना ठरत नाही.

हत्यारं एकाच पेटीत. चौघे चार चार्जर आणतात आणि २.५ मिमीची ॲलन की कोणाकडेच नसते. एक केरोस्टार्ट इग्नायटर (टर्बाइन पेटवणारा), ४ आणि ६ मिमी फेस्टो नळी (इंधनाची प्लास्टिक नळी), इंधन फिल्टर, सर्वोच्या वायर, निळं लॉकटाइट (स्क्रू सैल न होऊ देणारा गोंद), पाच मिनिटांचं इपॉक्सी. एवढा एकच संच पुरतो.

शुक्रवारी पोचलात की त्या दिवशी काही उडवू नका. १४ तासांच्या ड्रायव्हिंगनंतर नजर ताळ्यावर नसते.

शनिवारी सकाळी जोडल्यावर:

टाकीतला क्लंक, म्हणजे इंधन ओढणाऱ्या लवचिक नळीच्या टोकाचं वजन. प्रवासात ब्रेक जोरात लागला की तो पुढे सरकतो आणि नळी दुमडून तिथेच राहतो. मग जमिनीवर सगळं ठीक दिसतं, उडाल्यावर टाकी अर्धी झाली आणि नाक वर केलं की तो हवा ओढतो आणि टर्बाइन विझतं. म्हणून रिकाम्या टाकीनेच धड नाकाकडून उचला आणि कान लावा. टुक् असा आवाज मागून आला पाहिजे. आला नाही तर हळू हलवा. तरीही नाही तर टाकी बाहेर काढा.

एअर ट्रॅप (टर्बाइनआधी हवा अडवणारी छोटी टाकी) बुडबुड्यांशिवाय भरा. गुरुत्वमध्य मुख्य टाकी रिकामी, एअर ट्रॅप भरलेला आणि चाकं बाहेर असताना तपासा. रेंज तपासणी इंजिन बंद असताना, मग चालू असताना. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर) थ्रॉटल बंद, हे ट्रान्समीटर बंद करून डोळ्यांनी बघा. टायमर साडेसहा मिनिटांवर ठेवा, म्हणजे एकदा उतरणं चुकलं तरी इंधन उरतं.

तिथली उंची ९०० मीटर, पुण्याची ५६०. हवा तीनेक टक्क्यांनी विरळ. पहिल्या उड्डाणाला धावपट्टी जास्त लागेल, फ्लॅप नेहमीच्या ठिकाणी ठेवून थोडा वेग जास्त घ्या.

उड्डाणाच्या वेळी उडवणाऱ्याशी एकच माणूस बोलेल, तो ठरलेला स्पॉटर. बाकीच्यांनी गप्प. ‘डावीकडे विमान’, ‘साडेपाच मिनिटं’, ‘पट्टीवर माणूस’, बस्स.

आग: कार्बन डायऑक्साइडचा २ किलोचा सिलिंडर सुरू करणाऱ्याच्या हाताशी. पावडरचा वापरू नका, ती बेअरिंगमध्ये आणि दहनकक्षात जाते आणि टर्बाइन पूर्ण उघडावं लागतं. इंधन साचून ज्वाळा बाहेर आली तर इंधन बंद, स्टार्टरने फिरवत ठेवा, थांबली नाही तर कार्बन डायऑक्साइड इनटेकमधून. शेपूट सुक्या गवताकडे करून सुरू करू नका. गवतासाठी वेगळं: दोन बादल्या पाणी, ओली गोणपाटं, फावडं. विमान कोसळलं तर आधी गवत, मग विमान.

उतरल्यावर ईसीयूने थंड करणं संपवलं नाही तोवर बॅटरी काढू नका. साधारण १०० अंशांखाली आलं की तो स्वतः थांबतो.

रात्रपाळी:
परवानगीचं कोणी बोललंच नाही.

डावा_इशारा:
बरोबर. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५ किलोच्या आतलं, नजरेच्या टप्प्यात उडवायचं छंदाचं विमान ‘मॉडेल’ गटात येतं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. बाकी नियम लागतातच. ड्रोन-नकाशावरच्या हरित क्षेत्रात मर्यादा ४०० फूट, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीत २०० फूट. बंगळुरूभोवती केंपेगौडा, एचएएल, येलहंका, जक्कूर हे विमानतळ आहेत, त्यामुळे नकाशा बघितल्याशिवाय काही गृहीत धरू नका. नोंदणी आणि मैदानाच्या परवानगीची प्रत यजमान क्लबकडून आधीच मागून घ्या. टर्बाइनचं बिल आणि फोटो फोनमध्ये ठेवा. रस्त्यावर तपासणी झाली तर चकचकीत धातूचा नळकांडा काय आहे हे समजावणं सोपं जातं.

उलटा_पंखा:
सगळं लिहून घेतलं. कॅन दोन रंगांचे करतो. पेट्रोलचा लाल, जेटचा निळा.

पाच_टक्के:
रंग अंधारात दिसत नाही. लाल कॅनला असा नळ लावा ज्याला जेटची फेस्टो नळी बसतच नाही.