मखमलाबादच्या बागेतील गाजरगवत, घाणेरी आणि बिट्टी: ओळखावे कसे आणि सुरक्षितपणे काढावे कसे?

प्रश्न (अंगणवाटिका):
मखमलाबाद रस्त्यालगतचे आमचे जुने घर तीन वर्षे बंद होते. आता आम्ही राहायला आलो असून पहिल्या दोन पावसांनंतर कुंपणाच्या आत गुडघाभर तण माजले आहे. त्यातील बरेचसे गाजरगवत असावे, परंतु काही रोपांना अद्याप फुले नाहीत आणि सासूबाईंनी लावलेली शेवंतीही त्याच पट्ट्यात असल्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. कामाला येणाऱ्या मावशींनी परवा उघड्या हातांनी थोडे तण उपटले, तर रात्री त्यांच्या मनगटांवर पुरळ उठले आणि पापण्या सुजल्या. मागच्या भिंतीला घाणेरीची जाळी आहे, तिला हिरवी-काळी फळे लागली आहेत आणि माझी नात चार वर्षांची आहे. फाटकाशी पिवळ्या फुलांची बिट्टी आहे. सासूबाई तिची फुले रोज महादेवाला वाहतात. कोणते झाड आधी काढावे आणि कसे, हे कृपया सांगावे.

उत्तर (काळीमाती):
सर्वप्रथम, मावशींना पुन्हा त्या पट्ट्यात काम देऊ नये. गाजरगवतातील पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी एकदा जडली की पुढच्या प्रत्येक संपर्कात त्रास वाढू शकतो, आणि वाळलेल्या झाडाची धूळ हवेतून लागली तरी पापण्या, मान व कोपरांचे आतले भाग खाजू लागतात. त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे अवश्य न्यावे.

आता ओळख. गाजरगवताचे कोवळे रोप जमिनीला चिकटून गोलाकार पसरते. पान खोलवर कातरलेले, फिकट हिरवे आणि बारीक लवीमुळे किंचित राखट दिसते. पुढे मधोमध उभ्या रेघांचा दांडा निघतो, आणि फांद्यांच्या टोकांवर येणारे इवलेसे पांढरे फूल जवळून पाहिले तर त्याच्या कडेला पाच चिमुकली टोके दिसतात. शेवंतीचे पान त्याहून जाड व रुंद असते आणि ती बुंध्याशी फुटवे काढून झुपक्याने वाढते, तर गाजरगवत एकाच सोटमुळावर उभे असते. शंका असेल ते रोप दांडा निघेपर्यंत राहू द्यावे, मात्र पान चुरगाळून वास घेऊ नये.

फुले येण्यापूर्वी उपटणे हाच खरा उपाय आहे, कारण एका मोठ्या झाडाला १५,००० ते २५,००० बिया येतात आणि त्या वाऱ्याने, पाण्याने व चपलांच्या तळव्यांनीही पसरतात. पाऊस पडून गेल्यावर आपली काळी माती मऊ असते तेव्हा बुंध्याशी धरून सोटमुळासकट ओढावे. विळ्याने वरचेवर कापल्यास ते खालून पुन्हा फुटते. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवा. काम झाल्यावर साबणाने हातपाय धुऊन ते कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. फुले न आलेले तण कंपोस्टच्या खड्ड्यात चालते. फुलांवर आलेले तोंड बांधलेल्या पोत्यात भरून घंटागाडीच्या कर्मचाऱ्यांना सांगून द्यावे. जाळू मात्र नये. पानांवर पट्टेदार लहान भुंगे दिसले तर ते मारू नयेत. गाजरगवताच्या नियंत्रणासाठी १९८०च्या दशकात मेक्सिकोहून मुद्दाम आणलेले ते कीटक आहेत आणि पाने फस्त करतात.

उत्तर (पंचवटीकर):
आमच्याकडे मिठाचे दाट पाणी फवारल्यावर गाजरगवत दोन दिवसांत करपले. एवढी मेहनत घेण्याची गरज नाही, असे मला वाटते.

उत्तर (काळीमाती):
रस्त्याकडेला किंवा फरशीच्या सांध्यांत ते ठीक आहे, परंतु बागेच्या मातीत मीठ साठते आणि त्याच जागी पुढे शेवंतीसुद्धा तग धरत नाही. मोकळ्या झालेल्या जागी टाकळा किंवा झेंडू दाट पेरावा, म्हणजे उरलेल्या बियांना उगवायला जागा मिळत नाही. १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे तण आज गावोगाव दिसते ते आपण मोकळ्या जागा तशाच सोडल्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (देवराई):
नातीमुळे मी मात्र घाणेरीपासून सुरुवात करीन. तिची हिरवी, कच्ची फळे विशेष विषारी असतात आणि पानांमुळे गुरांच्या यकृताला इजा होते. पहिल्याच दिवशी हातमोजे घालून सगळी फळे खुडून घ्यावीत, मग फांद्या छाटून मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार इंचांवर तोडावे आणि बुंधा उलटा टाकून वाळू द्यावा. नुसत्या फांद्या तोडल्या तर ती दुप्पट जोमाने येते.

बिट्टी आपोआप माजणारे तण नाही, पण तिचा चीक, पाने आणि विशेषतः बिया हृदयावर परिणाम करतात. घरात लहान मूल असताना मी ती ठेवणार नाही. महादेवाला वाहायला तिथेच पांढरी तगर लावावी. तोवर खाली पडलेली फळे रोज सकाळी उचलावीत. मुलाने काही खाल्ल्याची शंका आली तर उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, त्या झाडाची डहाळी पिशवीत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

अंगणवाटिका:
मनःपूर्वक आभार. आज घाणेरीची फळे खुडली, बरोबर अर्धी बादली भरली. बिट्टीबद्दल सासूबाईंशी बोलले; तगरीचे रोप आणल्यावर तोडायला त्यांनी होकार दिला आहे. मावशींना उद्या डॉक्टरांकडे नेत आहे आणि तो पट्टा मी स्वतः, पाऊस थांबला की, हातमोजे घालून हाती घेईन.