गायकवाडी निशाळ पाडायची का?

दांडियाबाजारकर: आजोळच्या तालुक्याच्या गावी बडोदा संस्थानाच्या काळातली निशाळ, म्हणजे शाळा, पाडून तिथे तीन मजली काँक्रीट उभं करायचं घाटतंय. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचं शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते अख्ख्या संस्थानाला लागू झालं. आपण बडोद्यात पाहुण्यांना इंग्रज वास्तुविशारद चिझमनं बांधलेल्या कॉलेजचा घुमट दाखवतो, पण तो हुकूम गावोगाव पोचवला या बैठ्या शाळांनी. जाड विटांच्या भिंती, पुढे लांब पडवी, कौलारू छप्पर, उंचावरच्या झरोक्यांतून बाहेर पडणारी गरम हवा. मे महिन्यातही आत बसवतं. पाडू नये.

मांडवीची सून: मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, दादा! मी शिक्षिका आहे. पावसाळ्यात वर्गात बादल्या ठेवून शिकवलंय. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधल्या अंजारच्या अरुंद गल्लीत प्रभातफेरीतली मुलं जुन्या घरांखाली गाडली गेली, ते विसरायचं? आणि सयाजीराव नव्याचे भोक्ते. १९१० मध्ये ग्रंथालयांसाठी त्यांनी थेट अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डनना आणलं. आज असते तर त्यांनीही काँक्रीटच ओतलं असतं.

चुनाभट्टी: ताई, अंजारचं खरंय. पण त्याच धक्क्यात अहमदाबादेत कोसळले ते बहुतेक नवे काँक्रीटचे फ्लॅट. जुन्या शाळांचा घात बरेचदा दुरुस्तीच करते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा फासतात, ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात, मग ‘जर्जर’ म्हणून शिक्का. सिमेंट खरवडून चुना-सुरखी (चुना आणि विटांची पूड) लावा, छताच्या पातळीवर चारही भिंती पोलादी पट्ट्यांनी एकमेकींना बांधा. धोका शून्य होत नाही, पण बराच उतरतो.

सुरसागर: सुरखी कालवणारा गवंडी तालुक्याला मिळेल? टेंडर सिमेंटच्याच दरानं निघतं.

चुनाभट्टी: गवंडी आहेत, देवळांच्या कामावर. शाळेचे पैसे त्यांना परवडत नाहीत, एवढंच.

दांडियाबाजारकर: मागे मैदान आहे. नवे वर्ग आणि मुलींचे संडास तिथे बांधा. पण जुन्या इमारतीत वर्ग भरलेच पाहिजेत. संग्रहालय केलं की वर्षभरात कुलूप लागतं.

मांडवीची सून: संग्रहालयाचं पटलं. मैदानाचं नाही. मुलं खेळणार कुठे, पडवीत? संडासाइतकी जागा घ्या, बाकी सोडा. आणि पट्टे बसवल्यावर इंजिनिअरकडून सहीनिशी लिहून घ्या. तोवर माझं मत पाडण्याकडेच.