ईएफ ५८, जीएलएस उणे १५: एचआयव्ही रुग्णाला कार्डिॲक एमआरआयला पाठवावं का?

प्रश्न (फिजिशियन, तासगाव)
रुग्ण ४६ वर्षांचा, द्राक्षबागेत कामाला. एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधं) १४ वर्षं चालू. आधी बरीच वर्षं झिडोव्हुडिन, आता टीएलडी (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर). व्हायरल लोड (रक्तातला विषाणू) सापडत नाही, सीडी४ (प्रतिकार करणाऱ्या पेशी) ५२०. दोन महिन्यांपासून फवारणीचा पंप पाठीवर घेतला की दम लागतो. इकोत ईएफ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर पडणारं रक्त) ५८ टक्के, जीएलएस (आकुंचनात स्नायूची लांबी किती टक्के घटते ते; इथे कमी) उणे १५, 'ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन' (हृदय सैल होण्यात सौम्य दोष). फायब्रोसिस (हृदयस्नायूत चट्टे) धरून थेट एमआरआय करावा की इको पुन्हा?

उत्तर १ (इको विभाग, मिरज)
सर, आधी त्या इकोच्या क्लिप मागवा. ईएफ चांगला म्हणून सोडून देऊ नका, पण एका जीएलएसवर निदानही करू नका. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) ५० ते ८० हवा. कमी असला तर आकुंचनाचा नेमका क्षण निसटतो. स्नायूवर आखलेली ट्रेसिंगची पट्टी रुंद होऊन पेरिकार्डियममध्ये (हृदयाच्या बाहेरच्या आवरणात) घुसली की आकडा पडतो, कारण पेरिकार्डियम आकुंचन पावत नाही. अ‍ॅपेक्स (हृदयाचं टोक) कापला गेला तर उलट आकडा खोटाच चांगला येतो. आणि त्या वेळचं बीपी किती होतं? १६०/१०० ला काढलेला जीएलएस १२०/८० च्या आकड्याशी जुळवताच येत नाही. पुढचा इको त्याच मशीनवर, त्याच सॉफ्टवेअरवर करा.

'ग्रेड १' एवढ्यावर थांबू नका. ई प्राइम (स्नायू सैल होण्याचा वेग) सेप्टल म्हणजे मधल्या पडद्याकडे ७ च्या, लॅटरल म्हणजे बाहेरच्या भिंतीकडे १० च्या खाली आहे का, ई (डाव्या कप्प्यात शिरणाऱ्या रक्ताचा वेग) भागिले ई प्राइम १४ च्या वर आहे का, एलए व्हॉल्यूम इंडेक्स (डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान) ३४ च्या वर आहे का, हे मागा. टीआर जेटचा (उजव्या झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताच्या धारेचा) वेग आणि टॅप्सी (उजव्या कप्प्याच्या आकुंचनाचं माप) तर हवेतच. एचआयव्हीत फुप्फुसाच्या धमनीचा दाब वाढू शकतो, दम त्याचाही असेल.

उत्तर २ (रेडिओलॉजी, सांगली)
नीट काढूनही जीएलएस कमीच राहिला तर एमआरआय जरूर. केंद्राला फोन करून विचारा: कार्डिॲक कॉइल (हृदयासाठीचा सिग्नल टिपणारा भाग) आणि टी१ मॅपिंग (स्नायूचा टी१ आकडा जागोजागी मोजणं) आहे का? नुसत्या लेट गॅडोलिनियमवर (कॉन्ट्रास्ट देऊन थोड्या वेळाने काढलेल्या चित्रांवर) सगळीकडे सारखा पसरलेला फायब्रोसिस दिसत नाही, कारण तुलनेला निरोगी स्नायू उरत नाही. तो टी१ आणि ईसीव्हीत (पेशींबाहेरच्या जागेच्या प्रमाणात) कळतो. ईसीव्हीसाठी त्याच दिवशीचं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) लागतं, ते नेहमी राहून जातं. टी१ चं नॉर्मल त्याच मशीनचं घ्या, पुस्तकातलं नको.

लेट गॅडोलिनियम सबएंडोकार्डियल (स्नायूच्या आतल्या थरात) असेल तर कोरोनरी (हृदयाच्या धमन्यांचा आजार), बाहेरच्या बाजूला लॅटरल भिंतीत असेल तर जुना मायोकार्डायटिस (हृदयस्नायूचा दाह) डोक्यात ठेवा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी बघा. डोल्युटेग्राविरमुळे ते थोडं वाढतं, त्यात खरं जीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) घटलेलं नसतं. पण टेनोफोव्हिर मूत्रपिंडाला खरोखर त्रास देऊ शकतं. ईजीएफआर (जीएफआरचा अंदाज) ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्टआधी आमच्याशी बोला. आणि घरी श्वास सोडून १० सेकंद थांबायचा सराव करून घ्या, नाहीतर टी१ चे मॅप हलतात.

उत्तर ३ (एआरटी, सातारा)
सर, ४६ वर्षांच्या माणसाला ओझं उचलताना दम लागतो, म्हणजे एमआरआयच्या आधी ईसीजी आणि कोरोनरीची तपासणी. एचआयव्हीत हा धोका जास्तच असतो. हिमोग्लोबिन, एनटी-प्रोबीएनपीही (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) करा. पेरिकार्डियम जाड किंवा पाणी दिसलं तर टीबी शोधा.

विनंती एकच: एमआरआयच्या फॉर्मवर मोठ्या अक्षरांत 'एचआयव्ही' लिहू नका. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे. रुग्णाची संमती घेऊन एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरांना थेट कळवा.

प्रश्नकर्ता
क्लिप बघितल्या. फ्रेम रेट ३४, बीपीची नोंदच नाही. उद्या ईसीजी आणि रक्त, मग इको पुन्हा. एमआरआय त्यानंतर ठरवतो.